घोड्याचं रक्त घेताच आहात, तर पुरतं तपासा

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : घोड्यांमधील सर्रा आणि पायरोप्लाझमोसिस या रक्तातील परजीवींच्या आजारांची नियमित तपासणी सारंगखेडा यात्रेपासून सुरू करण्याबाबत

महोदय,

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणारा माणूस घाई करत नाही. आधी ओठ वर करून दात पाहतो, वय काढतो. मग भोवरे तपासतो. गळ्याखाली देवमण आहे का, अशुभ मानलेला एखादा भोवरा कुठे लपलेला तर नाही, हे बारकाईनं पाहतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याण म्हणून किंमत चढते. खूर उचलून पाहतो, रेवाल चालवून घेतो, ढोलाच्या ठेक्यावर नाचवून घेतो. एवढं झाल्यावर लाखांचा सौदा होतो. या सगळ्या पारखीत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : या जनावराचं रक्त तपासलंय का?

मी तापीकाठच्या या पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. माझी मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तिचा संदर्भ राहील. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या तपासणीसाठी घोड्याच्या मानेतून रक्त घेतलं जातंच. त्याच टोचणीत सर्रा आणि पायरोप्लाझमोसिसचीही तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल अर्थासकट मालकाच्या हातात पडावा. घोडा पुन्हा धरायला नको, पुन्हा टोचायला नको. लागतील त्या आणखी एक-दोन नळ्या, थोडी साधनं आणि एक आदेश.

हे दोन्ही आजार जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदणीयोग्य आजारांच्या यादीत आहेत. सर्रा होतो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीमुळे. तो रक्तातल्या पेशींच्या बाहेर, मोकळ्या द्रवात पोहतो. गोमाशी एका जनावराला चावते, शेपटीच्या फटक्यानं उठते आणि अर्धवट राहिलेलं पोट भरायला शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेला लागलेलं ओलं रक्त तेवढ्यानंच पलीकडे पोचतं. माशीच्या अंगात हा परजीवी वाढत नाही, तिचं काम फक्त हमालीचं. पायरोप्लाझमोसिसचं तसं नाही. थायलेरिया इक्वी आणि बॅबेसिया कॅबाली हे त्याचे दोन परजीवी तांबड्या पेशींच्या आत शिरतात, गोचिडांच्या शरीरात वाढतात आणि गोचीड चावताना तिच्या लाळेतून घोड्यात उतरतात.

दोन्ही आजारांत घोडा दिसायला सारखाच दिसतो, ही खरी अडचण आहे. ताप येतो आणि उतरतो. खालची पापणी ओढून पाहिली तर गुलाबी अस्तर पांढुरकं किंवा पिवळट झालेलं असतं, कधी त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात. पोटाखाली आणि पायांवर सूज येते. बोटानं दाबली तर खळगा तसाच राहतो. सर्ऱ्याचा घोडा चंदी खातो तरी वाळत जातो, आणि आजार पुढे सरकला की चालताना मागचा भाग डोलू लागतो. पायरोप्लाझमोसिसमध्ये कावीळ जास्त ठळक असते, लघवी तांबूस-तपकिरी होऊ शकते, पोटात कळाही येतात. पण ही लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसत्या डोळ्यांनी निदान करणारा अर्धा वेळ अंदाजच करत असतो. त्यात घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय नावाचा विषाणूजन्य आजारही असाच ताप आणि असाच पांढुरकेपणा घेऊन येतो. परजीवीचं औषध त्याला लागू पडत नाही.

सर्ऱ्याचं निदान हा विषय आपल्याकडे नवा नाही. सर्ऱ्याचा परजीवी जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो याच उपखंडात. १८८० साली डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या वेल्समधून आलेल्या लष्करी पशुवैद्यकानं आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे जीव पाहिले. कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तात तसेच जीव आधी पाहिले होते, पण ते निरुपद्रवी समजले जात. इव्हान्सनी आजारी जनावरांचं रक्त निरोगी जनावरांत टोचून आजार पुढे जातो हे दाखवलं, तरी वरिष्ठांनी ते सहज मानलं नाही. रक्तातला सूक्ष्म जीव एवढ्या मोठ्या घोड्याला मारतो, हे पटायला काळ जावा लागला. १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी भारतातच गोमाशी हा आजार पसरवते हे प्रयोगानं दाखवलं. म्हणजे कारण आणि मार्ग दोन्ही कळून शतक उलटलं. आज प्रश्न उरलाय तो वेळेवर शोधण्याचा, आणि तो प्रयोगशाळेच्या ज्ञानापेक्षा व्यवस्थेचा जास्त आहे.

शोधणं अवघड का, हे इथे जरा सविस्तर मांडतो, कारण सगळी मागणी त्यावर उभी आहे.

आजारी घोड्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, वर पातळ काच ठेवावी आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. रक्तात सर्ऱ्याचे परजीवी भरपूर असतील तर ते दिसण्याआधी त्यांची खळबळ दिसते. एका ठिकाणच्या तांबड्या पेशी उगाच हलू लागतात, बाजूला ढकलल्या जातात, आणि त्यांच्यामधून एक निमुळता जीव अंगाला हेलकावे देत निघतो. लांबीला तो घोड्याच्या साधारण चार तांबड्या पेशींएवढा. ज्यानं हे एकदा पाहिलं तो विसरत नाही. तेवढ्यावर निदान पक्कं होतं, दुसरी चाचणी लागत नाही.

पण हे दिसायला एका मिलिलिटर रक्तात साधारण लाखभर परजीवी असावे लागतात. रंगवलेल्या पातळ काचपट्टीवर खात्रीनं सापडायचे तर त्याहूनही जास्त. आता हिशेब करू. तीनशे किलोच्या घोड्याच्या अंगात चोवीस लिटरच्या आसपास रक्त असतं. मिलिलिटरमागे पन्नास हजार परजीवी धरले तर त्या घोड्यात एकूण १२० कोटी परजीवी फिरत असतात, आणि तरीही त्याची काचपट्टी स्वच्छ निघू शकते. कागदावर 'परजीवी आढळले नाहीत' असं येतं. ते वाक्य खरं असतं. मालक त्याचा अर्थ 'घोडा निरोगी आहे' असा घेतो, तो मात्र खरा नसतो.

दुसरी अडचण परजीवीच्या स्वभावात आहे. त्याच्या अंगावर प्रथिनांचं एक आवरण असतं. घोड्याचं शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बहुतेक परजीवी मरतात, ताप उतरतो. तेवढ्यात थोड्यांनी आवरण बदललेलं असतं. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो. म्हणून रक्तातली संख्या लाटेसारखी चढत-उतरत राहते. घोडा तापलेला असताना रक्त घेतलं तर परजीवी सापडण्याची शक्यता मोठी. ताप उतरल्यावर, मालकाला सवड मिळाल्यावर, सोमवारी दवाखाना उघडल्यावर घेतलं तर छोटी. एकाच दिवसाच्या एका काचपट्टीवर निर्णय देणं म्हणूनच धोक्याचं.

पायरोप्लाझमोसिसची गोष्ट आणखी वेगळी आहे. आजार ऐन जोरात असताना जिम्सा रंगात रंगवलेल्या काचपट्टीवर तांबड्या पेशींच्या आत थायलेरिया इक्वीचे बारीक ठिपके दिसतात. कधी त्यातले चार एकत्र येऊन क्रुसाचा आकार धरतात. तो दिसला की ओळख पक्की. बॅबेसिया कॅबालीचे जोडीनं बसलेले, नाशपतीच्या आकाराचे जीव त्याहून मोठे असतात, पण संख्येनं इतके थोडे की शंभर पेशींत एखादी बाधित सापडणंही पुष्कळ. आणि घोडा बरा झाला की काचपट्टीवर काहीच दिसेनासं होतं. आजार गेलेला मात्र नसतो. थायलेरिया इक्वी एकदा शिरला की घोडा बहुधा जन्मभर त्याचा वाहक राहतो. तो चरतो, धावतो, वरातीत नाचतो, आणि अंगावर बसणाऱ्या गोचिडांना परजीवी देत राहतो. गाभण घोडीकडून शिंगरालाही हा परजीवी जाऊ शकतो.

अमेरिकेत यावरून मोठा धडा मिळाला. तिथे हा आजार हद्दपार झाल्याचं मानलं जात होतं. २००९ साली टेक्सासमधल्या एका मोठ्या पशुपालन केंद्रात एक घोडी आजारी पडली, तिच्यात थायलेरिया इक्वी सापडला, म्हणून बाकीच्या घोड्यांचं रक्त तपासलं. चारशेहून अधिक घोडे बाधित निघाले. एका घोडीचं नीट निदान झालं नसतं तर ते चारशे घोडे निरोगी म्हणूनच मोजले गेले असते. आयात होणाऱ्या घोड्यांसाठी तिथे पूर्वी वापरली जाणारी जुनी चाचणी काही वाहकांना निर्दोष ठरवून आत सोडत असे; म्हणून २००५ पासून तिच्या जागी एलायझा ही प्रतिपिंडं शोधणारी चाचणी आणली गेली. चाचणी कोणती वापरली यावरून देशाची आरोग्यस्थिती बदलते, हे यातून दिसतं.

मग कुठली चाचणी केव्हा वापरायची? माझ्या मते तीन पायऱ्या पुरेशा आहेत.

घोडा तापलेला आहे, तर परजीवीच शोधायचा. ओलं रक्त लगेच पाहायचं, दोन पातळ काचपट्ट्या करायच्या, आणि केशनळीत रक्त भरून ते वेगानं फिरवायचं. फिरवल्यावर तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा बारीक थर जमतो. सर्ऱ्याचे परजीवी त्या थराजवळच गोळा होतात. नळी आडवी ठेवून तेवढीच जागा पाहिली तर मिलिलिटरमागे शंभराच्या आसपास परजीवी असले तरी हालचाल टिपता येते. म्हणजे ओल्या थेंबाच्या मानानं ही पद्धत शेकडो पटींनी तीक्ष्ण आहे. शिवाय त्याच नळीवरून तांबड्या पेशींचं प्रमाण मोजून रक्तक्षय किती आहे तेही कळतं. लागतं काय, तर केशनळ्या फिरवणारं छोटं यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि वीज. अट एकच : रक्त काढल्यापासून काही तासांच्या आत पाहायचं, कारण परजीवी मेले की हालचाल थांबते. ही तपासणी म्हणूनच पुण्यात होऊन उपयोग नाही. ती तालुक्याच्या दवाखान्यात किंवा थेट यात्रेच्या मैदानावर झाली पाहिजे.

घोडा निरोगी दिसतो, तर प्रतिपिंडं शोधायची. इथे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, लागतो; तो थंड पेटीतून दूर नेता येतो, शेकडो नमुने एकदम तपासता येतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं सर्ऱ्यासाठी एलायझा संच तयार केला आहे. जून २०२२ मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्र्यांच्या हस्ते तो जारी झाला. थायलेरिया इक्वीसाठीही एलायझा उपलब्ध आहे. म्हणजे परदेशाकडे पाहत बसण्याचं कारण नाही.

आणि शंका उरली, तर पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी. प्रतिपिंडं सापडली पण परजीवी दिसत नाही, किंवा उपचारानंतरही ताप परततो, अशा मोजक्या घोड्यांसाठी ती राखून ठेवावी.

यातल्या कुठल्याही एका पायरीवर सगळा भार टाकला तर फसगत होते. प्रतिपिंडं तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. गेल्या आठवड्यात बाधा झालेला घोडा एलायझात स्वच्छ निघेल. उलट उपचार होऊन परजीवी गेला तरी प्रतिपिंडं महिनोन्‌महिने राहतात. तो घोडा चाचणीत दोषी दिसेल. घोडीच्या चिकातून शिंगराला मिळालेली प्रतिपिंडंही काही महिने चकवतात. म्हणूनच 'पॉझिटिव्ह' एवढाच शिक्का मारलेला कागद मालकाच्या हातात देणं पुरेसं नाही. आजारी, वाहक की जुनी खूण, हे सांगणारी एक ओळ त्याखाली हवी.

या फरकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं, आणि ते घोड्याचं नव्हे, माणसाचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला काही महिने ताप येत-जात होता आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. माणसाला सर्ऱ्याची बाधा झाल्याचं हे शास्त्रीय नोंदीतलं पहिलं ठळक प्रकरण. ते २००५ साली प्रसिद्ध झालं. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. माणसाच्या रक्तात एरवी एक प्रथिन असतं, ते या परजीवीला मारतं. या शेतकऱ्यात जन्मतःच ते कार्यक्षम नव्हतं, असं पुढे उलगडलं. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची तपासणी. गावातल्या १,८०६ लोकांचं रक्त तपासलं गेलं. ४१० जणांची प्रतिपिंडांची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यातल्या ज्या ६० जणांचं प्रमाण जास्त होतं त्यांच्या रक्तात परजीवी शोधला, तो एकातही सापडला नाही. त्या चारशे जणांना त्या दिवशी नुसतं 'सर्रा आहे' म्हणून सांगितलं असतं तर गावाचं काय झालं असतं? प्रतिपिंड म्हणजे परजीवीशी कधीतरी झालेल्या संपर्काची खूण. रोगाचं निदान त्याच्या पुढे सुरू होतं. माणसाच्या बाबतीत जी काळजी घेतली गेली तीच घोड्याच्या मालकालाही मिळायला हवी.

आता ग्लँडर्सकडे येतो, कारण माझी मागणी त्याच्याच वाटेनं जाते.

ग्लँडर्ससाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्यामुळे घोड्यांचा सीरम गोळा करण्याची, तो प्रयोगशाळेत पाठवण्याची, निकाल कळवण्याची एक वाट तयार आहे. कर्मचारी गावात जातात, घोडे धरले जातात, रक्त निघतं. सगळ्यात खर्चिक आणि किचकट काम हेच असतं. ते एकदा झाल्यावर उरलेला सीरम बाजूला सारणं म्हणजे विहीर खणून एक घागर पाणी काढणं आणि तिच्यावर झाकण घालणं.

पण त्यात एक नाजूक बाब आहे, आणि ती सांभाळली नाही तर सगळं फिसकटेल. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि बाधित जनावर उपचार करून ठेवता येत नाही. निदान पक्कं झालं की घोड्याला दयामरण द्यावं लागतं. भरपाई मिळते, पण वरातीच्या घोडीवर घर चालवणाऱ्या माणसाला ती पुरत नाही. त्यामुळे रक्त घ्यायला माणसं आली की काही घोडे रातोरात पाहुण्यांच्या गावाला जातात. सर्रा आणि पायरोप्लाझमोसिस त्याच तपासणीत आणायचे तर पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगावं लागेल : या दोन आजारांत घोडा मारला जात नाही. उपचार आहेत. सर्ऱ्यासाठी क्विनापायरामीन आहे, पायरोप्लाझमोसिससाठी इमिडोकार्ब आहे. दोन्ही औषधं पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यायची. इमिडोकार्बनं घोड्याला कळा येतात, लाळ गळते, मात्रेत चूक चालत नाही. इमिडोकार्बनं थायलेरिया इक्वी दरवेळी मुळासकट जातोच असंही नाही, म्हणून अशा घोड्याच्या गोचिडांचा बंदोबस्त हा उपचाराचाच भाग. हे समजावलं तर मालक स्वतः घोडा घेऊन येईल, कारण इथे तपासणीचा फायदा त्याचाच आहे.

आज याच्या उलट घडतं. घोडा तापला की आधी ताप उतरवायचं इंजेक्शन, मग एखादं प्रतिजैविक, मग 'सर्रा असेल' म्हणून क्विनापायरामीन, तेही अंदाजपंचे. मात्रा कमी पडली तर परजीवी मरत नाही, दबतो. त्यानंतर काढलेल्या रक्तात सापडत नाही आणि औषधाला दाद न देणाऱ्या वाणांना वाव मिळतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच सुईनं एका ठाणावरचे चार घोडे टोचणं. जे काम गोमाशी पावसाळ्यात करते ते आपण बारा महिने करतो. पायरोप्लाझमोसिसही अशा सुईतून पसरतो. अमेरिकेत शर्यतीच्या काही घोड्यांत गोचिडीचा संबंध नसताना तो अशा सुयांमुळेच पसरलेला आढळला.

सारंगखेड्याचं महत्त्व इथे येतं. दत्तजयंतीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब इथून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढरे शुभ्र नुकरा एका रांगेत बांधले जातात. गोमाशांचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत असतो. मार्गशीर्षात थंडी पडते, माश्या ओसरतात. त्यामुळे यात्रेत कुणाला धोका जाणवत नाही. पण पावसाळ्यात बाधा झालेला, नंतर सावरलेला किंवा कुरकुरत राहिलेला घोडा याच वेळी विकला जातो. तो नव्या गावी जातो, गाई-म्हशींच्या गोठ्याशेजारी बांधला जातो. सर्ऱ्याचा परजीवी गाई-म्हशींत बहुधा गाजावाजा न करता राहतो, त्यामुळे तिथे त्याचा साठा तयार होतो. पुढचा पावसाळा आला की गोमाश्या आपलं काम सुरू करतात आणि त्या गावात पहिल्यांदा घोडा मरतो तेव्हा यात्रेची आठवणही कुणाला नसते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला हेच लागू आहे. धनगरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहत हिंडणाऱ्या भीमथडी तट्टांना तर जास्तच. ती कुठल्याच दवाखान्याच्या हद्दीत फार दिवस नसतात.

आपल्या देशाला हे करता येत नाही असं म्हणायला जागा नाही. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. ज्या आजारांपासून तो विभाग मुक्त ठरला त्यांत ग्लँडर्स, सर्रा आणि पायरोप्लाझमोसिस तिन्ही आहेत. त्यामुळे तिथले खेळाचे घोडे परदेशी स्पर्धांना जाऊ शकतील. कुंपणाच्या आत, शिस्तीत, नियमित तपासणीनं हे साध्य झालं. कुंपणाबाहेरचा घोडा टांग्याला, वरातीला, माथेरान-महाबळेश्वरच्या पर्यटकांना पाठीवर घेतो. त्याला परदेशी जायचं नाही. पण त्याच्यावर एकेक कुटुंब जगतं, आणि देशातल्या घोड्यांची संख्या २०१२ ते २०१९ या सात वर्षांत सव्वासहा लाखांवरून ३.४ लाखांवर आली आहे. उरलेले राखायचे असतील तर तपासणी त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे.

म्हणून माझ्या नेमक्या मागण्या अशा :

१. ग्लँडर्ससाठी घेतलेल्या प्रत्येक सीरमची सर्रा आणि थायलेरिया इक्वीसाठीही एलायझा व्हावी. त्याच टोचणीत गोठू न देणाऱ्या नळीत थोडं रक्त आणि दोन काचपट्ट्या घ्याव्यात.

२. यात्रेच्या दारात नमुने घेऊन उपयोग नाही. निकाल येईपर्यंत घोडा विकला गेलेला असतो. आपल्या राज्यातल्या घोड्यांचे नमुने यात्रेआधी महिनाभर त्यांच्या गावी घ्यावेत, आणि शेजारच्या राज्यांनाही तसं कळवावं.

३. यात्रेच्या मैदानावर सूक्ष्मदर्शक आणि केशनळ्यांचं यंत्र असलेलं तपासणी केंद्र यात्रा संपेपर्यंत चालवावं. तापलेला कुठलाही घोडा तिथे विनामूल्य तपासला जावा, आणि निकाल तासाभरात मिळावा.

४. घोडे जास्त असलेल्या तालुक्यांच्या दवाखान्यांत हीच साधनं कायमची द्यावीत. काचपट्टी वाचण्याचं प्रशिक्षण दर पावसाळ्याआधी व्हावं. हात आणि डोळा सवयीचा नसेल तर महागडा सूक्ष्मदर्शकही आंधळाच.

५. निकाल मराठीत, मालकाच्या फोनवर, अर्थासह जावा : आजारी, वाहक की जुनी खूण, पुढे काय करायचं, घोडा कधीपर्यंत विकू नये. या दोन आजारांत घोडा मारला जाणार नाही, हे त्याच संदेशात लिहावं.

६. बाधित घोडा सापडला की त्या गोठ्यातल्या गाई-म्हशी, गाढवं आणि कुत्र्यांचंही रक्त पाहावं. गाढव सर्रा सोसून गप्प राहू शकतं, कुत्र्यात तो जीवघेणा ठरतो.

७. एक जनावर, एक सुई. सरकारी शिबिरात, खासगी तबेल्यात, सगळीकडे. यासाठी नवा निधी लागत नाही.

८. दरवर्षी जिल्हावार तक्ता जाहीर व्हावा : किती घोडे तपासले, कुठल्या चाचणीनं, किती बाधित. चाचणीचं नाव दिल्याशिवाय आकडा देऊ नये, कारण काचपट्टीवरचे दोन टक्के आणि एलायझातले दोन टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही, हे मलाही समजतं. पण पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या मागणीला येत्या दत्तजयंतीपर्यंतचा वेळ पुरेसा आहे. सुरुवात एका यात्रेपुरती करा. पहिल्या वर्षी बाधित घोड्यांचा आकडा वाढलेला दिसेल आणि वर्तमानपत्रं 'सर्ऱ्याचा उद्रेक' म्हणून मथळे देतील. त्या दिवशी डगमगू नका. तो आकडा आजार वाढल्याचा नसेल, आपण पाहायला लागल्याचा असेल. आणि तसं पत्रक आपल्या सहीनं त्याच दिवशी निघावं, ही शेवटची विनंती.

आपला,
तापीकाठचा एक निवृत्त पशुवैद्यक
ता. शहादा, जि. नंदुरबार